तीन माहेरं, तीन झोपड्या

जानेफळच्या स्टँडवर आम्ही तिघी चिखलीच्या एसटीची वाट पाहत बसलो होतो. पायातले बूट काढून बाजूला ठेवलेले, टाचा सुजलेल्या, केसांत कुसळं. शेजारची एक बाई बराच वेळ आमच्याकडं पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"कोनत्या देवाले गेलत्या वो?"

"कोनत्याच नाई. उंद्रीपासून डोंगराडोंगरानं चालत आलो."

"चालत? काऊन? गाड्या बंद हायेत का?"

"गाड्या चालू हायेत. आमीच चालत आलो."

"मंग नवस असन," ती म्हणाली आणि समाधानानं तंबाखूची डबी उघडली. वाटेत हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारला की दुसऱ्या दिवसापासून रुबीना "हाव, नवसच हाये" म्हणून मोकळी व्हायला लागली. पण खरं काय ते एकदा नीट लिहून टाकावं असं मी ठरवलं आहे. ज्यांना जायचं असेल त्यांना उपयोग होईल, ज्यांना जायचं नसेल त्यांची करमणूक होईल.

माझी चिखलीत पिठाची गिरणी आहे. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला. गेल्या वर्षी सून मैत्रिणींबरोबर हिमाचलात गेली होती. तिकडं म्हणे डोंगरात दिवसभर चालायचं, संध्याकाळी एका झोपडीत मुक्काम, सकाळी उठून पुढच्या झोपडीकडं. तिनं मला फोटो दाखवले. झोपडीत गरम सूप, गरम पाणी, जाड रजया. "मम्मी, तुमच्या वयाच्या बायकापण होत्या आमच्यात," ती म्हणाली. त्यातलं 'तुमच्या वयाच्या' मला झोंबलं. मी फोटो नीट पाहिले आणि म्हटलं, यात काय आहे? डोंगर आपल्याकडंही आहेत. आणि झोपड्यांचा तर आपल्याकडं दुष्काळ कधीच नव्हता.

हे मी नुसतं बोलून सोडलं नाही. हिवाळ्यात आमच्या भागात हरभरा, गहू उभा असतो आणि रानडुकरं, रोही म्हणजे नीलगायी टपलेल्या असतात. त्यामुळं डोंगराच्या कडेच्या प्रत्येक वावरात एक झोपडी आणि त्या झोपडीत रात्री जागलीला कुणीतरी असतंच. चूल असते, बाज असते, पांघरायला गोधडी असते. म्हणजे हिमाचलवाल्यांनी जे पैसे खर्चून उभं केलं ते आमच्याकडं डुकरांच्या कृपेनं आधीच तयार आहे. फक्त एका झोपडीपासून दुसरी एका दिवसाच्या चालीवर पाहिजे, आणि ती झोपडी आपल्या माणसाची पाहिजे.

बेत गिरणीतच शिजला. गिऱ्हाईक कमी असायचं अशा दुपारी रुबीना आणि प्रमिला येऊन बसायच्या. रुबीनाचं बांगड्यांचं दुकान माझ्या गिरणीला लागून, शिवाय ती आठवडी बाजारात पाल टाकते. प्रमिला एसटीत कंडक्टर आहे. तिघींची मैत्री शाळेपासूनची, आणि तिघींपैकी कुणीच आजवर लग्नकार्य, माहेर, दवाखाना आणि प्रमिलाची मुक्कामी ड्युटी सोडून घराबाहेर रात्र काढलेली नव्हती.

झोपड्या कुणाच्या, हा प्रश्न आला तेव्हा मी एक नियम घातला. तिघींनी एकेक झोपडी आणायची, आणि ती माहेरचीच पाहिजे. सासरच्या झोपडीत गेलं की चूल आपणच पेटवायची आणि भांडीही आपणच घासायची. माहेरच्या झोपडीत आयतं ताट मिळतं. या नियमावर दोघींनी टाळी दिली आणि मग रुबीना एकदम प्रमिलाकडं पाहायला लागली. माझ्याही लक्षात उशिरा आलं.

माझं माहेर उंद्रीजवळ, तिथं अडचण नव्हती. रुबीनाचं आजोळ, जे आम्ही माहेरातच धरलं, तिथून एका दिवसाच्या चालीवर, तिथंही नाही. पण तिथून जानेफळ एका दमात होत नाही. मध्ये एक मुक्काम लागतो, आणि बरोबर मध्ये येतं ते प्रमिलाचं माहेर.

प्रमिलाचे वडील गेले तेव्हा वावरावर आईविना राहिलेल्या दोन्ही लेकरांची नावं लागली, तिचं आणि धाकट्या भावाचं, संतोषचं. मग रिवाजाप्रमाणं संतोषनं हक्क सोडल्याची सही मागितली. आमच्याकडं सगळ्याच बहिणी ती देतात. मीही दिली. तहसिलीतून बाहेर आल्यावर भावानं रसवंतीत रस पाजला, आणि त्याच्या बदल्यात दर दिवाळीला साडी येते. साडी चांगली असते. प्रमिलानं सही केली नाही. भांडली नाही, कोर्टात गेली नाही, पिकातला दाणाही मागितला नाही. नुसतं "नाई करत" म्हणाली. त्या वर्षापासून भाऊबीज बंद झाली, आणि तिनंही त्या गावात पाऊल ठेवलं नाही.

आम्ही दोघी घाईघाईनं दुसरं काहीतरी शोधायला लागलो. मारुतीच्या देवळाची ओसरी कशी राहील, शाळेचा व्हरांडा कसा राहील. प्रमिलानं आमचं सगळं ऐकून घेतलं.

"झालं तुमचं? माह्यीबी झोपडी हाये ना. तिसरी रात्र माह्याकडं."

"संतोषले फोन करशीन?" मी विचारलं.

"काऊन करू? अर्धं वावर माह्यं हाये. आपल्याच वावरात झोपाले कोनाले इचारा लागते का?"

गिरणीचा पट्टा मी बंद केला होता, त्यामुळं तिचा आवाज जरा मोठाच ऐकू आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आन त्यानं हाकलून देल्लं त?"

तिला भीती कशाची होती ते आम्हाला कळत होतं. आजवर ती गेलीच नव्हती, म्हणून कुणी तिला हाकललंही नव्हतं. न जाण्यात निदान आशा शिल्लक होती. जाऊन उभी राहिली आणि भावानं मैत्रिणींसमोर 'निघ' म्हटलं की माहेर कायमचं संपलं.

"कोन हाकलते पाहू," रुबीना म्हणाली. "आपुन तिघी हावो."

मी बेतावर शिक्कामोर्तब केलं.

पहिली झोपडी, माझी

सुनेनं पाठवलेले बूट घालून, सहावारी साडी खोचून मी निघाले. रुबीना सलवार-कमीजमध्ये. प्रमिलानं मुलाची ट्रॅकपँट आणि वर कंडक्टरचा खाकी शर्ट घातला होता, आणि उंद्रीच्या स्टँडवर उतरताच दोन माणसांनी तिला खामगावची गाडी किती वाजता म्हणून विचारलं. तिनं वेळ सांगितली आणि सुटे ठेवा म्हणून बजावलं.

चहा-भजी खाऊन पांदणीच्या वाटेला लागलो. दोन्हीकडं तूर कापणीला आलेली, मध्ये मध्ये कपाशीचा शेवटचा वेचा राहिलेला. चढ सुरू झाला की माती संपते आणि काळा दगड लागतो. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. माझी चाल चांगली आहे हे मी इथं नमूद करते. कडेवर पोचले तेव्हा या दोघी अजून बोरं वेचत होत्या.

कडेवरून घाटाखालचा मुलूख पहिल्यांदा सावकाश पाहिला. एसटीतून घाट उतरताना समोरच्या सीटचा दांडा धरण्यातच वेळ जातो. खाली सपाट, धूसर, पार खामगावकडं पसरलेलं. आम्ही घाटावरचे लोक घाटाखालच्यांना उन्हाचे लोक म्हणून हसतो आणि ते आम्हाला दगडाचे म्हणून. वरून पाहिलं तर दोन्हीकडं हरभराच होता.

माझा चुलतभाऊ दिगांबर, म्हणजे दिगूभाऊ, त्याच्या झोपडीत शांत मुक्काम करायचा असा माझा बेत होता. पोचलो तर झोपडीसमोर ट्रॅक्टर उभा आणि ट्रॉलीतून सगळी भावकी उतरलेली. "मंदी पायी येऊन राह्यली" ही बातमी गावभर झाली होती आणि माझ्यावर काय संकट कोसळलं ते पाहायला सगळे आले होते.

"जवाईबापू बरे हायेत ना?" काकूनं मला बाजूला घेऊन विचारलं.

"बरे हायेत."

"गिरनी चालू हाये ना?"

"चालू हाये, काकू."

"मंग काऊन चालून राह्यली व माय?"

तोवर गोवऱ्यांचा जाळ निवून निखारा झाला होता आणि त्यात रोडगे पुरले होते. कणकेचे जाड गोळे, आत तेलाचे पदर, राखेत भाजून बाहेर काढले की फडक्यात झटकायचे, फोडायचे आणि वर वांग्याची झणझणीत भाजी. सुनेला मी व्हिडिओ कॉल लावला. हिमाचलात सूपच्या वाटीसाठी रांग लावावी लागते म्हणाली. इथं मला चौथा रोडगा नको होता तर तिघांनी मिळून माझं ताट धरून ठेवलं. रुबीनाच्या पिशवीतल्या बांगड्याही संपल्या, कारण ट्रॉलीतल्या सगळ्या बायकांनी हात पुढं केले. चालायला निघताना तिनं बांगड्या का घेतल्या होत्या, हे मी तिला विचारलं नाही. तिच्या ते अंगातच आहे.

दुसरी झोपडी, रुबीनाच्या मामूंची

दुसऱ्या दिवशी मी पुढं होते. एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पातळ तार लावलेली दिसली. ओलांडताना तोल जाईल म्हणून मी ती धरली. ती झटका मशीनची तार होती. डुकराला बसावा म्हणून ठेवलेला झटका मला खांद्यापर्यंत बसला आणि मी हरभऱ्यात बसकण मारली. मागून येणाऱ्या दोघींनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग विचारलं, लागलं का. सुनेच्या झोपड्यांच्या वाटेवर असलं काही नसतं. ज्यांना यायचं आहे त्यांनी तार दिसली की खालून सरपटत जावं, साडीची पर्वा करू नये.

वाटेत ज्या ज्या वावरात बाया निंदत होत्या तिथं आमची गाडी थांबायची. रुबीनाला सगळ्या ओळखतात. ती चेहरा पाहत नाही, मनगट पाहते. "ही दोन-सहा, लगन झाल्यावर दोन-आठ झाली," असं तिचं चालायचं. प्रत्येक ठिकाणी उकडलेल्या तुरीच्या शेंगा, पाणी आणि तोच प्रश्न. त्या दिवशी आम्ही जेवढं चाललो त्याहून जास्त खाल्लं असणार.

युसूफमामूंची झोपडी म्हणजे शेडनेटच्या दाराशी उभारलेली पत्र्याची खोली. आत मिरचीचं बियाणं. फुलाफुलाला हातानं परागकण लावायचं नाजूक काम चाललेलं, म्हणून मामूंनी आम्हाला हात धुवायला लावले, चपला काढायला लावल्या आणि तरीही आत सोडलं नाही. दारातूनच पाहायचं. पिकाची एवढी बडदास्त मी कुठं पाहिली नाही.

आमच्यासाठी कोंबडी कापायची सगळी तयारी झाली होती आणि नेमका माझा गुरुवार निघाला. मामींचं तोंड उतरलं. पण त्यांनी तासाभरात भोपळ्याचा दालचा, पातळ भाकरी आणि गुळाची खीर समोर ठेवली. माझ्या घरी असा वार पाळणारा पाहुणा आला असता तर मी साबुदाण्यावर भागवलं असतं.

जेवण झाल्यावर प्रमिला अचानक मामूंना म्हणाली, "मामू, तुमी बहिनीले वाटा देल्ला का?"

मामू पान लावत होते. "हमारे में तो हुकूमच है बेटा. बहन का हिस्सा देनाच पडता."

"देना पडता, लेकिन दिये क्या?" रुबीना म्हणाली. "अम्मी तो कभी मांगीच नहीं."

मामूंनी चुना जरा जास्तच लावला असावा. "हाव," ते म्हणाले, "मांगीच नहीं बिचारी." आणि मिरचीला पाणी सोडायचं राहिलं म्हणून उठून गेले. मामी आमच्याकडं पाहून नुसत्या हसल्या. प्रमिलाच्या मनात काय चाललंय ते त्या प्रश्नातून आम्हा दोघींना समजलं. दोन दिवस ती वेळापत्रक आणि सुट्टे पैसे यांवरच बोलत होती.

तिसरी झोपडी

तिसऱ्या दिवशी प्रमिलाचं सगळंच बिनसलं. आधी ती इतकी भरभर चालली की आम्हाला दिसेनाशी झाली, मग एका विहिरीच्या काठावर बसून राहिली. बूट चावतो म्हणाली. मग म्हणाली, "आपन असं करू, सरळ डांबरीले लागू. सांजच्याले जानेफयची गाडी भेटते. मले टाइम माहीत हाये."

"तिसरी रात्र तुह्याकडं ठरली होती," मी म्हटलं.

"ठरवाले काय जाते? तुह्यं बरं हाये मंदा. तू सही केली, तुह्यासाठी ट्रॉली येते."

मला राग आला, आणि राग आला म्हणजे ती खरं बोलत होती. दिगूभाऊच्या ट्रॉलीत माझी सहीही बसून आली होती. रुबीनानं प्रमिलाला पाण्याची बाटली दिली.

"परमिला, डांबरीले जाचं त जाऊ. मले काई वाटनार नाई. पन तुले उद्या वाटन. आन परवापासून 'जाले पाह्यजे होतं' म्हनून आमचं डोकं खाशीन. त्यापरीस आजच पाहून घे."

प्रमिला पाणी प्यायली, तिनं बुटाची लेस आवळली आणि वाट धरली. डांबरीकडं नाही, डोंगराकडं.

तिचं वावर डोंगराच्या पोटात आहे. खाली नाला, वर सागाचं जंगल, मध्ये हिरवागार हरभरा आणि बांधावर जुनी बोर. दिवस मावळतीला आला होता. जागा इतकी सुरेख की माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अव माय, हे त आपल्या सगळ्या झोपड्याईत एक नंबर." प्रमिलाला पहिल्यांदा जरा हसू आलं. तिनं बांधावरून आत पाऊल टाकलं.

आणि झोपडीतून एक बाई कडाडली, "हाऽऽड! निघ! निघ माह्या वावरातून!"

प्रमिला जागच्या जागी थिजली. तिचा एक पाय वावरात, एक बांधावर. "वहिनी हाये," ती पुटपुटली. रुबीनानं बाह्या सारल्या आणि पुढं होऊन ठणकावलं, "ओ बाई, नीट बोला! पाहुने हावो आमी!"

"हाऽऽड! निघ! निघ माह्या वावरातून!" पुन्हा तेच, अगदी त्याच सुरात. तिसऱ्यांदाही तसंच आलं तेव्हा मला शंका आली. मी झोपडीजवळ गेले. आत माणूसच नव्हतं. मेढीला बॅटरीवरचा भोंगा टांगलेला, डुकरं पळावीत म्हणून आवाज भरून ठेवलेला. मी बटण बंद केलं. बांधावर रुबीना हसून हसून खाली बसली होती आणि प्रमिला रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही कळत नसावं.

"आमची वहिनी कोनासमोर तोंड उघडत नाई," ती डोळे पुसत म्हणाली. "आन इथं पाह्य."

आम्ही चूल पेटवली. हरभऱ्याचे चार डहाळे उपटून हुळा भाजला. कुणाचा उपटला म्हणून विचारायला कुणी नव्हतं, पण प्रमिलानं डहाळे बांधाजवळचेच घेतले, मोजके, पाहुण्यासारखे. तेवढ्यात नाल्यातून मोटारसायकल वर आली. तिच्यावर कांबळं, टॉर्च आणि संतोष. उंच, वाळका, कानाला मफलर. त्याला धूर दिसला असणार.

"कोन हाये तथी?"

"मी हाव," प्रमिला उठून उभी राहिली.

त्यानं गाडी स्टँडवर लावायला फार वेळ घेतला. आमच्याकडं एकदा पाहिलं, रामराम घातला, आणि मग तिच्याकडं वळला.

"फोन त कराचा."

"आपल्या वावरात येतो म्हनून फोन कराचा?"

"ज्यानं वावर राखलं त्याले कराचा." तो ओरडला नाही. "बाबा गेल्यापासून रातरात जागून राह्यलो मी अथी. थंडीत, पावसात. एक रात तरी तू आली का पाहाले? गाडीत बसून तिकिटं फाडनं सोपं हाये, ताई."

"खरं हाये," प्रमिला म्हणाली.

त्याची भांडायची तयारी वर्षानुवर्षांची होती. त्यात हे उत्तर नव्हतं. ती पुढं म्हणाली, "म्या तुले कधी दाना मांगतला का? पिकाचा हिसाब मांगतला?"

"नाई मांगतला."

"मंग?"

"मंग नाव काहाले पाह्यजे तुले?"

"तुले काहाले पाह्यजे?"

संतोष भाजलेल्या हुळ्याकडं पाहत राहिला. आता 'निघ' म्हणतो की काय म्हणून मी पिशवी जवळ ओढली. पहिल्या दोन झोपड्यांचा बेत आखताना मी नाचत होते. ही तिसरी मी आखायला नको होती असं त्या क्षणी वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानं गाडीवरचं कांबळं काढलं आणि बाजेवर टाकलं. "थंडी पडन. भोंगा बंद नका ठेवू, डुकरं येतीन." एवढं बोलून गाडी वळवली आणि घरी गेला. त्या वावराची जागल त्या रात्री प्रमिलानं केली. भोंगा तिनं लावला नाही, स्वतःच अधूनमधून टॉर्च मारत उठत होती. आम्ही दोघी झोपलो, कारण आम्हाला झोप येत होती.

सकाळी दव पडलेल्या पायवाटेनं वहिनी आली. डोक्यावर टोपलं, मागं संतोष, हातात दुधाची बरणी. तो आमच्याशी न बोलता सरळ विहिरीवर मोटार पाहायला गेला. वहिनीचं नाव संगीता. भोंग्यातल्या बाईचा आणि हिचा काही संबंध असेल असं कुणाला सांगून पटलं नसतं, इतकी हळू बोलणारी. तिनं आम्हाला वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, दही, ओल्या तुरीच्या सोल्याची भाजी. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी मी पुन्हा मागून घेतला.

आमचं होत आलं तशी ती प्रमिलाजवळ सरकली. "ताई, एक इचारू का?"

"इचार ना."

"परवा माह्या भावाचा फोन आलता. तहसिलीत ये म्हने, सही कराले." तिनं विहिरीकडं पाहिलं. "हे म्हनतात, करू नको."

"कोन म्हनते?"

"हेच."

रुबीनाला ठसका लागला. माझी अवस्था काही वेगळी नव्हती. पण प्रमिला हसली नाही आणि संगीताही नाही. ती म्हणाली, "त्याईचं मले आयकाचं नाई. त्याईले वावर पाह्यजे. म्हनून तुमाले इचारून राह्यली. सही नाई केली की माहेर तुटते का?"

विहिरीवर मोटार बंद झाली होती, म्हणजे तिकडं सगळं ऐकू जात होतं. प्रमिलानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"तुटते," ती म्हणाली. "खोटं नाई सांगत तुले. लय तुटते. दिवाळीच्या दिवशी गाडी भरून बाया माहेरी चालल्या असतात आन आपन त्याईची तिकिटं फाडतो."

"मंग सही करून टाकू?"

"ते म्या कसं सांगू? मले एवढंच माहीत हाये, सही केली असती त काल मी अथी पाहुनी म्हनून झोपली असती."

"आन तुटलेलं जोडते कोन?"

"ते मले नको इचारू. तो विहिरीवर उभा हाये, त्याले इचार."

संगीतानं खरंच विचारलं. इतक्या मोठ्यानं की आदल्या संध्याकाळचा आवाज कुणाचा होता याबद्दल आमची खात्री पटली. "आयकलं का? ताईचं आन तुमचं जमत नसन त माह्या भावाचं आन माह्यं कसं जमन? मी काय करू, सांगा!"

संतोष विहिरीवरून उतरून हरभऱ्यात शिरला. आम्हाला वाटलं, गेला. आमचीही निघायची वेळ झाली होती. मी पिशवी खांद्याला लावली. प्रमिला चुलीची राख सारण्यात उगाच वेळ काढत होती.

"ताई!" वावराच्या मधून त्यानं हाक मारली. "थांब, जाऊ नको. संगीता तुह्यी ओटी भरते. नारय नाई घरून आनला. हरभरा चालते ना?"

"चालते," प्रमिला कसंबसं म्हणाली.

"मंग कोनता उपटू? विहिरीच्या इकडला तुह्या हाये, तिकडला माह्या."

मी खांद्याची पिशवी खाली ठेवली. म्हणजे मनातल्या मनात त्यानं वाटणी कधीचीच करून ठेवली होती. रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन फिरताना बहिणीचा हरभरा कोणता हे त्याला नेमकं माहीत होतं.

"दोनीकडला उपट," प्रमिला ओरडली. "पेरला त तूच हाये."

तिला पदर नव्हता, खाकी शर्ट होता. रुबीनानं आपली ओढणी काढून तिच्या खांद्यावरून घेतली आणि पुढं झोळी करून दिली. संतोष दोन जुड्या घेऊन धावतच आला, मुळांना ओली माती तशीच. संगीतानं त्या ओटीत घातल्या, प्रमिलाला कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला आणि उठताना नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी बी नाई करत सही."